कमरेचं पंक्चर

स्पोर्ट्स कार पंचविशीतल्या माणसाला डोळ्यांसमोर ठेवून काढतात, आणि ती पदरात पडते पन्नाशीनंतर. मधली वर्षं तिचं चित्र आधी भिंतीवर असतं, मग पाकिटात, मग बायकोपासून लपवलेल्या हिशेबात. पुढं घराचे हप्ते फिटतात, मुलांची कॉलेजं उरकतात आणि बँकेत चार पैसे शिल्लक दिसू लागतात. नेमकी त्याच सुमाराला कंबर शिल्लक राहत नाही. पैसा आणि कंबर या दोन गोष्टी एकाच माणसाला एकाच वेळी द्यायच्या नाहीत, असं वर कुणीतरी ठरवलेलं असावं.

त्यामुळे जुन्या स्पोर्ट्स कारच्या मालकांचा घोळका जमला की गप्पा सुरू होतात इंजिनापासून, पण फार वेळ इंजिनावर टिकत नाहीत. ‘तुझी कितीची?’ या प्रश्नाला पूर्वी अश्वशक्तीत उत्तर यायचं, आता ‘एल-फोर, एल-फाइव्ह’ असं येतं. ऐकणाऱ्याला वाटतं ही गाडीची मॉडेलं आहेत. ते कमरेचे मणके असतात.

आमचे दाजी या जमातीतले. मूळचे इचलकरंजीचे, पण जन्म गेला अमेरिकेत, डेट्रॉइटजवळ. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी मोटारींच्या ब्रेकवर काम केलं. तरी स्वतः कुठं थांबायचं ते कळलं नाही, असं ताईचं मत. निवृत्तीची चाहूल लागताच त्यांनी १९८४ची शेव्हरले कॉर्व्हेट घेतली. १९८४च का? कारण तिच्या चौथ्या पिढीतलं ते पहिलं साल, आणि १९८३ची मिळतच नाही. त्या सालाची कॉर्व्हेट कंपनीनं विकलीच नाही. चाचणीसाठी ४३ गाड्या बनवल्या, त्यातली एकच उरली. ती केंटकी राज्यात बोलिंग ग्रीनच्या कॉर्व्हेट संग्रहालयात आहे. दाजी तिथं जाऊन दर्शन घेऊन आलेत. त्याच संग्रहालयात १२ फेब्रुवारी २०१४ला पहाटे जमीन खचली आणि आठ कॉर्व्हेट खड्ड्यात गेल्या. हे सांगताना दाजींचा आवाज अजून जड होतो. ताई तेवढ्यात म्हणते, “आठच गेल्या? आपली तिथं ठेवली असती तर नववी गेली असती.”

या गाडीची उंची पुरती चार फूटसुद्धा नाही. मूळ आराखड्यात छताच्या मधोमध एक दांडा जायचा होता. मग वरिष्ठांना वाटलं, अख्खं छत एका तुकड्यात उचलता आलं पाहिजे. दांडा गेला, त्याबरोबर गाडीचा ताठपणाही गेला; तो भरून काढायला दोन्ही बाजूंचे उंबरे उंच आणि रुंद केले. म्हणजे गाडीची कंबर वाकू नये म्हणून माणसाची वाकवली. आत बसायचं तर आधी बूड उंबऱ्यावर टेकायचं, मग एक पाय आत, मग डोकं, मग देवाचं नाव, आणि मग घसरायचं. डाव्या हाताला सीट आणि उंबरा यांच्या बेचक्यात हँडब्रेकचा दांडा असतो. उतरताना तो पँटच्या पायात शिरायला टपलेला असतो. बाहेर येताना सगळ्यात आधी जमिनीला लागतो तो हात. दाजी दुकानासमोर गाडीतून उतरायला लागले की आसपासची भली माणसं मदतीला धावतात. एकदा एका बाईंनी ॲम्ब्युलन्स बोलवायची का, असंही विचारलं.

बरं, आत बसल्यावर तरी सुख? त्या साली या गाडीला कडक स्प्रिंगांचा जो पर्याय मिळायचा, तो इतका कडक होता की पुढच्याच वर्षी कंपनीनं हात जरा सैल सोडला. दाजींची गाडी अर्थातच त्याच्या आधीची आणि अर्थातच त्याच पर्यायाची. त्या कडकपणामागचा हेतू थोर होता. वेगात वळण घेताना ही गाडी स्वतःच्या वजनाच्या नव्वद टक्क्यांच्या आसपास आडवं बळ सोसायची, आणि तेव्हा ही गोष्ट जगभर कौतुकाची होती. अडचण एवढीच की दाजी राहतात तो मिशिगनचा भाग सपाट आणि रस्ते सरळ. तिथं वळण म्हणजे किराण्याच्या दुकानाच्या पार्किंगमध्ये शिरणं. शिवाय १९८४ साली अमेरिकेत ताशी ५५ मैलांच्या, म्हणजे आपल्या ८८ किलोमीटरच्या वर जायला कायद्यानं बंदी होती. एवढी गाडी घ्यायची, आणि ती एसटीच्या वेगानं नाकासमोर चालवायची. त्या कडक स्प्रिंगांचा उपयोग मग एकच उरतो: रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा जसाच्या तसा मणक्यापर्यंत पोचवणं. खड्डे मिशिगनमध्ये भरपूर आहेत, आणि तिथल्या निवडणुकाही त्यांच्यावरून लढवल्या जातात. हे ऐकल्यावर मला परदेशात आल्यासारखं वाटेना.

गाडी बनवणाऱ्यांना हे कळत नव्हतं असं नाही. त्यांनी सीटमध्येच उतारा ठेवला होता. जादा पैसे मोजले तर ‘स्पोर्ट सीट’ मिळायची. तिच्या दोन्ही बाजूंच्या उशा बटण दाबून आवळता-सैल करता यायच्या, आणि पाठीत कमरेच्या जागी एकावर एक अशा हवेच्या तीन पिशव्या असायच्या. छोटा विजेचा पंप, हवेच्या बारीक नळ्या, झडपा आणि कळ. कळ दाबली की पंप गुणगुणायचा आणि पिशवी फुगून कमरेला टेकू द्यायची. त्या काळातल्या बऱ्याच स्पोर्ट्स कारमध्ये हा थाट होता. टोयोटाच्या सेलिका सुप्रात तर पंपाची भानगडच नव्हती. एक रबरी फुगा हातानं दाबत बसायचं. डॉक्टर बीपी बघताना दाबतात ना, तोच प्रकार. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

आता कमरेला टेकू लागतो कशाला? माणूस उभा असतो तेव्हा कमरेचे पाच मणके पुढच्या बाजूला कमानीत असतात. बसला की कमरेखालचं हाड मागं कलतं आणि कमान सपाट होते. मणक्यांच्या मधल्या गाद्यांवर मग भलत्या बाजूनं दाब येतो. स्वीडनच्या आल्फ नाखेमसन या डॉक्टरांनी १९६०च्या दशकात जित्याजागत्या माणसांच्या मणक्यांच्या गादीत सुई घालून हा दाब मोजला होता, आणि उभं राहण्यापेक्षा बसण्यात तो जास्त भरतो असा निष्कर्ष काढला होता. पुढं १९९९ साली जर्मनीत उल्मच्या संशोधकांनी एका स्वयंसेवकाच्या गादीत दाब मोजणारं यंत्र बसवून त्याला बसवलं, उठवलं, चालवलं, झोपवलं. त्यांना दिसलं की सैलावून, पाठ टेकून बसलं तर दाब उभं राहण्यापेक्षा किंचित कमीच भरतो. स्वयंसेवक एकच होता. दुसरा का नव्हता ते विचारायची गरज नाही. दोघांच्या भांडणात न पडता सामान्य माणसानं एवढंच समजावं: ताठ बसा म्हणणारी आई आणि पसरून बसणारे वडील, दोघांच्याही बाजूनं शास्त्रात पुरावा आहे. पाठीला टेकू हवा, याबद्दल मात्र कुणाचं दुमत नाही.

दाजींच्या गाडीत हा टेकू होता, आणि तो सपाट झाला होता. यात कंपनीला दोष देण्यात अर्थ नाही. चाळीस वर्षं हवा धरून ठेवीन, असं वचन पिशवीनं कुणालाही दिलेलं नसतं. उन्हाळ्यात बंद गाडीत उकडायचं, मिशिगनच्या हिवाळ्यात गोठायचं, आणि वर्षानुवर्षं कुणाच्या तरी पाठीखाली चेपून राहायचं. पिशवीचा मधला भाग सहसा टिकतो. जीव जातो तो कडेच्या शिवणीला, नाहीतर नळी जिथं पिशवीत शिरते त्या बेचक्यात. नळ्या कडक होतात, त्यांचे प्लॅस्टिकचे तिकटे हात लावताच मोडतात, हवा परतू न देणारी झडप ती परतू देते. पंप बिचारा शाबूत असतो. तो प्रामाणिकपणे घुर्र करतो, पाठीला कुणीतरी हात लावल्याचा भास होतो आणि सिग्नल हिरवा व्हायच्या आत हात निघून जातो.

तिन्ही पिशव्या गेल्या तर एक वेळ परवडलं. पण एकच शाबूत राहिली तर पंचाईत. दाजींची वरची पिशवी ठणठणीत होती. ती बरोबर बरगड्यांच्या मागं टोचायची आणि कमरेच्या जागी पोकळी. अशा सीटवर तासभर बसून उतरलेला माणूस पुढून ताठ आणि मागून खचलेला दिसतो. दाजींच्या मित्रांना वाटलं, निवृत्तीमुळे ते जरा आढ्यतेनं वागायला लागलेत.

दुखण्यापेक्षा सल्ले अधिक असतात. पहिला पक्ष: पिशव्या काढून टाका, त्या जागी स्पंज ठोका, विषय संपवा. दुसरा पक्ष सनातनी: मूळ गाडीला परका स्पंज लावला तर तिची किंमत जाईल आणि परंपराही. ही मंडळी जुन्या मोडक्या सीटमधून काढलेल्या, तितक्याच म्हाताऱ्या पिशव्या विकत घेतात, आणि त्या अस्सल आहेत म्हणून गळल्या तरी समाधानी असतात. तिसरा पक्ष कारागिरांकडं धाडायचा सल्ला देतो. अशा कामाचे कारागीर अमेरिकेत आहेत, पण त्यांनी सांगितलेला आकडा ऐकला की कंबर आपोआप ताठ होते. चौथा पक्ष आमच्या ताईचा. तिनं आंघोळीचा टॉवेल गुंडाळला, दोन टोकांना रबर लावलं आणि म्हणाली, “अहो, हा ठेवा पाठीशी. फुकट आहे, धुता येतो.” गंमत म्हणजे दाजींच्या फिजिओथेरपिस्टनंही हेच सांगितलं होतं, फक्त तिनं त्याचे पैसे घेतले होते. दाजींनी टॉवेल लावून पाहिला. कमरेला बरं वाटलं. त्याचाच त्यांना राग आला.

“टॉवेल लावून फिरायला कॉर्व्हेट कशाला पाहिजे?” ते मला म्हणाले. “उद्या गॅरेजमध्ये ये. सीट काढू.”

सीट काढणं हे वाक्य बोलायला सोपं आहे. सीट चार बोल्टांवर उभी असते. मागचे दोन उघडायचे तर सीट पुढं सरकवावी लागते, पुढचे दोन उघडायचे तर मागं. सरकवायला मोटर, मोटरला बॅटरी. बॅटरी उतरलेली असली तर आधी चार्जिंग, मग सीट पुढं, बोल्ट, सीट मागं, बोल्ट. मग बॅटरी सोडवायची, सीटखालच्या वायरींचे जोड सोडवायचे. या जोडांना एक छोटी जीभ असते, ती दाबून ओढायचं. ती जीभ कुठल्या बाजूला आहे ते दिसत नाही, बोटांनी शोधावं लागतं. त्यासाठी एक गुडघा उंबऱ्यावर, दुसरा जमिनीवर, डोकं सीटखाली आणि कंबर मध्ये कुठंतरी अधांतरी. कमरेचा टेकू दुरुस्त करायचा असेल तर आधी कंबर शाबूत लागते, ही अट माहितीपुस्तकात कुठंच छापलेली नाही. मोटरींनी भरलेली ती सीट मग त्याच उंच उंबऱ्यावरून बाहेर काढायची. दाजी “उचल” म्हणाले, मी उचलली, आणि “सावकाश” असं ते ज्या आवाजात म्हणाले त्यावरून ते मला उद्देशून नव्हतं, सीटलाही नव्हतं. ते एल-फाइव्हला होतं.

सीट टेबलावर आडवी निजवल्यावर तिचं पाठीचं कवच उघडलं. चामड्याचं कव्हर स्पंजवर तारेच्या कड्यांनी आवळलेलं असतं. एकेक कडी कटरनं तोडायची. तुटली की ती टणकन उडते आणि पुन्हा सापडते ती अनवाणी पायाला. कव्हर निघालं. आतला स्पंज खारी बिस्किटासारखा भुगा होऊन हाताला लागला. त्याच्या खाली त्या तिघी: काळपट, तळहाताएवढ्या रुंद, प्रत्येकीच्या बगलेतून एक बारीक नळी निघालेली. चाळीस वर्षांपूर्वी कुणा कामगारानं त्या इथं ठेवल्या असतील, त्यानंतर पहिल्यांदाच उजेड पाहत होत्या. मला सहानुभूती वाटली. दाजींना भूक लागली.

जेवून परत आल्यावर दाजींमधला इंजिनिअर मागं पडला आणि इचलकरंजीतला मुलगा पुढं आला. त्यांनी ताईची भांडी घासायची प्लॅस्टिकची पाटी पाण्यानं भरून आणली. पिशवीत सायकलच्या पंपानं बेतानं हवा भरली, नळीचं तोंड अंगठ्यानं दाबलं आणि पिशवी पाण्यात बुडवली. दोघंही पाटीवर वाकलो. आधी स्पंजचा भुगा तरंगला. मग काहीच नाही. मग दाजींनी पिशवी थोडी वळवली, आणि शिवणीच्या कडेनं एक बारीक, सुबक बुडबुडा निघाला, वर आला, फुटला. त्याच्या मागून दुसरा. मग शिस्तीत रांग लागली.

“सापडला!” दाजी ओरडले. इतका आनंद मी त्यांच्या चेहऱ्यावर घराची कागदपत्रं हातात आली तेव्हाही पाहिला नव्हता. त्यांनी भोकाभोवती बॉलपेननं गोल केला. ओल्या रबरावर बॉलपेन उमटलं नाही. मग पुसून पुन्हा केला. “बघ की,” ते म्हणाले, “इतकंसं आहे. इतक्याशा भोकानं मला आडवा केला.”

पुढची सगळी प्रक्रिया मराठी माणसाला सांगायला नको. भोकाभोवती कानशीनं घासायचं, पुसायचं, सोल्यूशनचा पातळ हात मारायचा, फुंकर घालायची आणि थांबायचं. ओल्या सोल्यूशनवर ठिगळ ठेवतो तो नवशिका. बोट लावून चिकट झालंय का पाहतो तो जाणकार. मग ठिगळ दाबायचं आणि त्यावर हातोडी हलकेच ठोकायची. इथं मात्र एक मेख आहे. सायकलचं सोल्यूशन रबरावर धरतं, व्हायनिलवर नाही. काही गाड्यांत या पिशव्या रबरी असतात, काहींत व्हायनिलच्या. व्हायनिलला लहान मुलांच्या फुगवायच्या पोहण्याच्या टाक्यांचं ठिगळ आणि त्याचाच डिंक लागतो. तिथं सायकलचं लावलं तर रात्रभर इमानदारीनं चिकटल्याचं नाटक करतं आणि सकाळी निघून येतं. दाजींनी कोपऱ्यावर घासून, वास घेऊन आधी खात्री केली. रबर होतं. “पंक्चर काढायला शिकलो ते वडिलांनी सायकल दिली म्हणून,” ते म्हणाले. “डिग्री काढायला शिकलो ते मात्र उगीच.”

मधली पिशवी जमली. खालची जमेना. तिची शिवण एका ठिकाणी नव्हे, इकडून तिकडं उसवली होती. पाण्यात धरली की बुडबुड्यांची गर्दी. ठिगळ लावायचं तर तिच्या चारी कडांना लावावं लागलं असतं आणि मग आत पिशवी उरलीच नसती. दाजी गप्प झाले. मग उठून घरात गेले आणि आले ते काखेत काहीतरी लपवून. ते ताईचं बीपीचं मशिन होतं.

हा शोध दाजींचा नव्हे, हे कबूल केलं पाहिजे. जगभर जुन्या गाड्यांच्या कमरा बीपीच्या पट्ट्यानं सरळ केल्या जातात. पट्ट्याच्या आत आयती रबरी पिशवी असते, मापानं जवळपास तेवढीच, आणि तिला नळ्या आधीच बसवलेल्या. दाबाचाही प्रश्न नाही. बीपी बघताना पट्ट्यात २०० मिलिमीटर पाऱ्याचा दाब भरला तरी टायरच्या भाषेत तो चार पीएसआयच्या आतच येतो. टायरमध्ये तीसच्या वर असतो. पट्ट्याला नळ्या दोन: एक फुग्याकडं, दुसरी काट्याकडं. एक नळी पंपाला जोडायची, दुसरीचं तोंड बुजवायचं. झालं.

ताई दारात येऊन उभी राहिली तेव्हा पट्टा उसवून झाला होता.

“अहो, माझं बीपी आता कशानं बघायचं?”

“बघायचं कशाला?” दाजी नळी जोडता जोडता म्हणाले. “चढलंय ते ऐकू येतंय की.”

यावर ताई जे बोलली ते छापण्याजोगं नाही, पण त्यात टॉवेलचा उल्लेख होता.

कव्हर चढवणं हे काढण्यापेक्षा कठीण. चाळीस वर्षांत चामडं आकसलेलं असतं आणि भुग्याच्या जागी घातलेला नवा स्पंज फुगीर. ताईचा केस वाळवायचा ड्रायर लावून चामडं कोमट केलं, मग दोघांनी दोन बाजूंनी ओढलं. कड्या आवळायची पक्कड वेगळी असते, ती दाजींकडं होती. मात्र तिथं हात पोचेना तेव्हा प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी काम भागवलं. सनातनी पक्षाला हे कळू नये म्हणून दाजींनी कवच लगेच बसवून टाकलं. सीट गाडीत गेली, वायरी जोडल्या, बॅटरी जोडली. दाजी विधिपूर्वक आत घसरले आणि त्यांनी कळ दाबली. पंप गुणगुणला. झडप टिकली. दाजींचं पोट किंचित पुढं आलं, छाती उघडली, आणि डोळे मिटले. बराच वेळ त्यांनी ते उघडले नाहीत. शेवटी मीच विचारलं, “दाजी, बरं आहे ना?”

“गप्प बस,” ते म्हणाले. “हवा राहते का बघतोय.”

राहिली. दुसऱ्या दिवशीही होती, त्यानंतरच्या दिवशीही. दाजी रोज सकाळी चहाआधी गॅरेजमध्ये जाऊन सीटला बोट लावून येत. स्वतःच्या पाठीबद्दल त्यांनी इतकी काळजी कधी घेतली नव्हती. पाठीची अवस्था होती तशीच होती.

मला वाटतं, खरी गोम इथंच आहे. दाजींनी स्वतःच्या कमरेसाठी काय कमी केलं होतं? एक्स-रे झाला, एमआरआय झाला. त्या बोगद्यात पडून ठणठणाट ऐकला. पुढं डॉक्टर पडद्याकडं बघून म्हणाले, “वयोमानाप्रमाणे झीज आहे. सगळ्यांनाच असते.” कुठं दुखतं? इथं. का दुखतं? सांगता येत नाही. कधी थांबेल? बघू. चालत जा, वजन कमी करा, वाकू नका. माणसाच्या कमरेत भोक कुठं आहे ते कुणी बोट ठेवून दाखवत नाही. तिथं बुडबुडा निघत नाही. बॉलपेननं गोल करता येत नाही. ठिगळ लावून ‘आता पुढची दहा वर्षं चिंता नको’ असं म्हणणारा सर्जन अजून मला भेटलेला नाही, आणि भेटला तर मी त्याच्याकडं पाठ करणार नाही. सीटच्या कमरेचं तसं नसतं. ती आजारी असते तेव्हा तिचा आजार पाण्यात धरून दाखवता येतो. एका वयानंतर माणसाला बरं होण्यापेक्षाही, नेमकं काय बिघडलंय ते कळण्याची तहान लागते. गाड्या ती भागवतात. म्हणून साठीतले लोक जुन्या गाड्या घेतात. वेग, तारुण्य वगैरे सांगायच्या गोष्टी झाल्या.

याचा पुरावा तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत मिळाला. दाजींनी गाडी हॉलच्या मागं लावली होती. आरती संपली, प्रसाद वाटला गेला आणि दाजींच्या वयाचे एकेक गृहस्थ हळूच मागच्या दारानं बाहेर पडायला लागले. कुणी इंजिन उघडायला सांगितलं नाही. अश्वशक्ती २०५ आहे, हे दाजी सांगत राहिले. कुणी ऐकून घेतलं नाही. प्रत्येकाला एकदा बसून ती कळ दाबायची होती. बसणारा बसला की डोळे मिटायचा आणि उठायचं नाव काढायचा नाही. काही अंशी सुखामुळे, काही अंशी त्या उंबऱ्यामुळे. रांग आवारातल्या कारंज्यापर्यंत गेली. एका पोरानं विचारलं, “काका, ही किती पळते?” आत बसलेले गृहस्थ डोळे न उघडता म्हणाले, “पळायचंय कुणाला?”

परतताना मी हिशेब मांडला. पिशवीसाठी मोडलेलं बीपीचं मशिन, ताईसाठी आणलेलं नवं बीपीचं मशिन, पक्कड, स्पंज, सोल्यूशन, आणि सीट उचलल्यामुळे दाजींना पुन्हा घ्यावे लागलेले फिजिओचे शेक. न राहवून म्हटलं, “दाजी, खरं सांगा. या सगळ्यापेक्षा ताईचा टॉवेल काय वाईट होता?”

दाजींनी कळ दाबली. खालच्या पिशवीत हवा भरली गेली, ते इंचभर उंच झाले.

“टॉवेल वाईट नाही रे,” ते म्हणाले. “पण त्याचं पंक्चर कसं काढणार?”